मार थांबल्यावर

सातचा पाढा धाकटीला आला तो अंगावर वळ उठल्यावरच. सात सक बेचाळीस म्हणायच्या जागी तिच्या तोंडून चव्वेचाळीस गेलं आणि ताईच्या हातातला पट्टा सप्पकन पोटरीवर बसला. पुन्हा चुकलं, पुन्हा बसला. चौथ्या वेळी बेचाळीस बरोबर आलं, तेव्हा ताईनं पट्टा खिळ्याला अडकवला आणि म्हणाली, "बघ, डोक्यात होतंच तुझ्या. बाहेर काढावं लागतं."

धाकटी तेव्हा सात वर्षांची होती आणि ताई एकोणीसची. बाप कधीच परागंदा झाला होता. आई सहा महिने अंथरुणाला खिळून गेली. राहायला लाँड्रीच्या वर दोन खोल्या होत्या. खालच्या इस्त्र्यांमुळे फरशी दिवसभर कोमट असायची. आई गेल्यावर पंधरा दिवसांत ताई गावाबाहेरच्या कत्तलखान्यात कामाला लागली. कटाईच्या हॉलमध्ये चाळीस पुरुष आणि ती एकटी बाई. वरच्या लोखंडी रुळावरून आकड्यांना टांगलेली धडं सरकत येत, आणि ताई ती करवतीच्या यंत्रावर उभी चिरायची. पायात रबरी बूट, अंगावर प्लास्टिकचा एप्रन, डाव्या हातात पोलादी जाळीचा मोजा. घरी आली की आधी अर्धा तास न्हाणीत. तरीही तिच्या केसांना रक्ताचा वास यायचाच.

ज्या चामडी पट्ट्यावर ती सुरी परजायची, त्याच पट्ट्यानं ती धाकटीला मारायची. त्याला नियम होते. एका चुकीला एक. तोंडावर नाही, कारण शाळेत दिसतं. उजव्या हातावर नाही, कारण त्यानं लिहायचं असतं. बाकी सगळं अंग मोकळं.

"तू त्या हॉलमध्ये पाय ठेवायचा नाहीस," ताई दर वेळी म्हणायची. "मेलीस तरी चालेल, पण तिथं नाही."

धाकटी पहिलीच यायची. दुसरा नंबर तिला परवडण्यासारखाच नव्हता. नववीत एकदा विज्ञानात पन्नासपैकी एकतीस मिळाले आणि तिनं पेपर गादीखाली लपवला. ताईला तो सापडला. तिनं धाकटीला असं ढकललं की ती लोखंडी कॉटच्या कोपऱ्यावर जाऊन आपटली आणि गळ्याजवळचं हाड कट्कन मोडलं. ताईनं तिला पाठीवर घेतलं आणि धावत दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दोघी एका सुरात म्हणाल्या, "जिन्यावरून पडली." बाहेरच्या बाकावर बसून ताई तोंडात पदर कोंबून रडली. घरी आल्यावर तिनं आपल्या हातानं घास भरवले, आणि शेवटचा घास देताना म्हणाली, "उरलेले एकोणीस मार्क कुठे गेले ते हाड जुळल्यावर बघू."

जुळल्यावर तिनं खरोखरच बघितलं.

बारावीनंतर धाकटीला शिक्षिका व्हायच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. ताईनं त्या दिवशी हॉलमधल्या चाळीसही जणांना चहा पाजला. कॉलेजातही पट्टा चालूच राहिला. अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि तिच्याहून बारा वर्षांनी मोठी बहीण पुस्तक हातात धरून प्रश्न विचारायची. हे कुणाला सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. धाकटीनं सांगितलंच नाही.

दुसऱ्या वर्षी तो अपघात झाला. रुळावरचा आकडा तुटला आणि मागचं धड सुटून ताईच्या पाठीवर आदळलं. ती पुढे झोकली गेली. मोजा डाव्या हातात होता. करवतीवर पडला तो उजवा. मनगटाच्या दोन बोटं वरून हात गेला. हॉलच्या मुकादमानं यंत्र बंद केलं, स्वतःचा पट्टा काढून तिच्या दंडाला आवळला आणि मटणाच्या गाडीतूनच तिला दवाखान्यात नेलं. धाकटी पोचली तेव्हा ताई शुद्धीवर होती. पांढऱ्याफटक ओठांनी ती एवढंच म्हणाली, "परवा तुझा पेपर आहे ना? जा घरी."

धाकटी घरी आली आणि पुस्तक उघडून बसली. खिळ्यावर पट्टा लटकत होता. तो आता कुणी उचलणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी मारणार नव्हतं. आपण सुटलो असं वाटायला हवं होतं, पण झालं भलतंच. अक्षरं दिसत होती, वाचता येत होती, आणि एकही डोक्यात शिरत नव्हतं. अर्ध्या तासात ती एका परिच्छेदाच्या पुढे सरकली नाही. पुढचे दोन महिने असेच गेले. निकाल लागला तेव्हा ती दोन विषयांत नापास होती.

ताईनं डाव्या हातानं तो कागद धरला, वाचला, परत दिला. धाकटीला वाटलं, यापेक्षा दुसरं हाड मोडलं असतं तरी बरं.

राहिलेल्या दोन पेपरांपैकी एक शैक्षणिक मानसशास्त्राचा होता. तो शिकवणारे सर दम्यानं बेजार. दोन वाक्यं बोलले की फवारा तोंडात मारायचे, म्हणून मुलं त्यांना दमेकरी सर म्हणत. त्या दिवशी ते प्रेरणा शिकवत होते.

"माणूस काही करतो ते दोन कारणांनी," सर म्हणाले. "एक, बाहेरून कुणी ढकलतं. बक्षीस दाखवून किंवा भीती घालून. दुसरं, आतून. बाहेरचा जोर फार लवकर लागू पडतो. पण ढकलणारा गेला की..." फवारा. "...माणूस जागच्या जागी थांबतो. आतला जोर टिकायचा तर तीन गोष्टी लागतात. हे मी निवडलंय असं वाटायला हवं. हे मला जमत चाललंय असं वाटायला हवं. आणि आपलं म्हणावं असं कुणीतरी पाठीशी हवं."

धाकटी उभी राहिली. आपण उभ्या राहिलोय हे तिला नंतर कळलं. "सर, मला मार बसल्याशिवाय अभ्यास होत नाही."

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवलं, थोडं विचारलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "रागावू नकोस. तू आजवर अभ्यास केलेलाच नाहीस. तू मार चुकवलास, इतकंच. ते तुला उत्तम येतं."

ती भयंकर रागावली. बारा वर्षं पहिली आलेली मुलगी होती ती. कॉलेजातून तडक घरी जायच्या ऐवजी ती कत्तलखान्यात गेली आणि मुकादमाला म्हणाली, "ताईच्या जागी मला घ्या." घरात कुणीतरी कमावणं भागच होतं. सकाळी कॉलेज, दुपारपासून काम. ताईला कळलं तेव्हा तिनं पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकून मारला. पण दुसरा उपाय तिलाही सुचला नाही.

हॉलमध्ये मुंडकी तोडायचं काम करणारा एक दांडगा होता. सगळे त्याला मुंडक्याच म्हणत. ताईनं कधीकाळी सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली होती, तो डंख त्याच्या मनात होता. तिसऱ्याच दिवशी तो मोठ्यानं म्हणाला, "हिच्या बहिणीचा हात सापडला का रे कुणाला? का गेला खिम्यात?"

दोघं-तिघं हसले. धाकटीनं धार लावायची सळई उचलली आणि त्याच्या खांद्यावर हाणली. त्यानं उलट्या मुठीनं तिच्या नाकावर ठोसा दिला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज तिला आतून ऐकू आला. ओल्या फरशीवर ती उताणी पडली, तोंडात रक्त, आणि मुकादम दोघांच्या मध्ये उभा.

त्या संध्याकाळी सुजलेल्या नाकानं, तोंडानं श्वास घेत, ती चार तास सलग अभ्यास करत बसली. पान उलटत होतं आणि डोक्यात जात होतं, अगदी पूर्वीसारखं.

मग तिला ती सवयच लागली. आठवड्यातून एकदा-दोनदा ती मुंडक्याची कुरापत काढायची. त्याची सुरी लपवायची, त्याच्या बुटात रक्ताचं पाणी ओतायची. तो मारायचा, तीही मारायची. बरगडीला मुका मार, फुटलेला ओठ, काळानिळा डोळा, की संध्याकाळी अभ्यास हमखास. राहिलेल्या दोन पेपरांपैकी शिक्षणाच्या इतिहासाचा पेपर तिनं अशा सहा आठवड्यांत दिला आणि एकसष्ट मार्कांनी पास झाली. ताई विचारायची, "काय झालं तोंडाला?" धाकटी म्हणायची, "जिन्यावरून पडले." ताई मान खाली घालायची.

पण सातव्या आठवड्यात तेवढ्यानं भागेना. ठोसा बसायचा आणि पुस्तकासमोर पुन्हा तेच मख्ख बसणं. जास्त लागायला हवं होतं.

त्या दुपारी ताई मुकादमाकडे आली होती. हाताची जखम आता पुरती भरली होती आणि फाटकावर काही बैठं काम मिळतंय का हे तिला विचारायचं होतं. ती काचेच्या केबिनमध्ये उभी असताना धाकटी मुंडक्याच्या तोंडावर थुंकली. त्यानं दोन्ही हातांनी तिचा गळा धरला आणि भिंतीवर दाबला. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिनं गुडघा मारला, तो वाकला, आणि तिनं त्याचे केस पकडून त्याला फरफटत चालत्या करवतीकडे नेलं. तो किंचाळत होता. माणसं ओरडत होती, पण पुढे कुणी होईना. पात्याला त्याचा कान लागला आणि अर्धा कान उडून खालच्या पन्हाळीत पडला. तिनं हात सोडला नाही. आणखी जोर लावला.

करवत थांबली. धाकटीनं मान वळवली. लाल बटणावर ताईच्या थोट्या हाताचं कोपर दाबलेलं होतं.

"सोड त्याला," ताई म्हणाली.

पोलीस आले. आठ दिवस ती कोठडीत होती. हॉलमधल्या तिघांनी जबाब दिला की गळा आधी त्यानं धरला होता, म्हणून पुढे दोन वर्षांनी कोर्टानं तिला वर्षभर नीट वागायच्या हमीवर सोडलं. पण नोकरी त्याच दिवशी गेली. कोठडीतले आठ दिवस तिला नंतर फारसे आठवत नव्हते. एकच आठवायचं: तिचे हात त्या केसांत होते आणि तिला मजा वाटली होती.

जामिनावर सुटून घरी आली तेव्हा मानसशास्त्राच्या पेपराला पाच आठवडे उरले होते. तिनं खिळ्यावरचा पट्टा काढला, ताईच्या डाव्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"मार," ती म्हणाली. "नाहीतर मी पास होत नाही. बाहेर जाऊन खून करीन कुणाचा तरी. त्यापेक्षा तू मार."

ताईनं पट्टा मुठीत नीट धरला. मग तिनं मारलं. डाव्या हाताला सवय नव्हती. पहिला फटका पाठीवर बसला, दुसरा कॉटवर. तिसरा कसाही फिरला आणि धाकटीनं मान वळवली त्याच क्षणी तिच्या गालावर बसला. डोळ्याखालची कातडी फाटली. ताईनं आजवर तोंडावर एकदाही मारलं नव्हतं.

पट्टा तिच्या हातातून गळून पडला. ती कोमट फरशीवर बसली. "मला कुणी मारलं नाही गं," ती म्हणाली. "आठवीत शाळा सोडली तेव्हा आई नुसती म्हणाली, बरं. मला वाटायचं, तेव्हा कुणी मला झोडपलं असतं तर मी शिकले असते. म्हणून तुला..."

"तुला शिकायचं होतं?"

"होतं की."

धाकटीनं ओल्या फडक्यानं गाल दाबून धरला.

मुकादमानं मात्र माणुसकी दाखवली. बहिणीनं केलेलं ताईच्या माथी मारलं नाही. फाटकावर येणाऱ्या गाड्यांचे नंबर, मालकाचं नाव आणि वेळ वहीत टिपायचं काम तो द्यायला तयार होता, पण महिन्याभरात डाव्या हातानं नीट लिहून दाखवायचं होतं. ताईनं वही आणली. धाकटी शेजारी बसली. काम सुटल्यावर दुपारनंतर ती रिकामीच होती.

पहिले तीन दिवस ताईचं 'क' उलटं पडायचं. चौथ्या दिवशी तिनं एका पानावर अकरा वेळा तेच केलं. धाकटीचा हात उठला आणि ताईच्या डोक्यावर फाडकन बसला. पेन्सिल उडाली.

ताईनं पेन्सिल शोधली, वहीत ठेवली आणि डावा हात तळवा वर करून पुढे केला. शाळेत पोरं करतात तसा. मारायचं असेल तर इथं मार, लिहिताना डोकं हलतं, असं तिच्या चेहऱ्यावर अगदी साधेपणानं होतं.

धाकटी उठून न्हाणीत गेली आणि ओकली.

दुसऱ्या दिवशी ती दमेकरी सरांच्या घरी गेली. गालावर टाके, नाक वाकडं. सरांनी दार उघडलं आणि आधी खुर्ची दिली. तिनं सगळं सांगितलं, कानासकट. "तुमच्या त्या तीन गोष्टी," ती म्हणाली, "नुसत्या पेपरात लिहायच्या आहेत की त्यांनी काही होतं?"

"ते मलाही नक्की माहीत नाही," सर म्हणाले. "करून बघ. आणि ध्येय जवळचं ठेव. वर्षाचं नको, आजचं."

तिनं ते ताईवर करून बघितलं. "कुठलं अक्षर घ्यायचं ते तू सांग," ती म्हणाली. ताईनं जरा विचार करून 'ठ' घेतलं, गोल होतं म्हणून. ते पहिल्याच पानावर जमलं. ताई एवढी हरखली की तिनं पानभर ठ काढले. मग ट, मग ढ. 'क' तिनं स्वतःहून बाराव्या दिवशी मागितलं. चुकलं की धाकटी आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. हात नेहमीच ऐकायचे असं नाही. एकदा तिनं वही फाडली, एकदा दाराला लाथ मारली आणि अंगठ्याचं नख गेलं. पण ताईला तिनं पुन्हा हात लावला नाही.

ताई लिहायची तेव्हा धाकटी शेजारी पुस्तक घेऊन बसायची, कारण नुसतं बघत बसलं की हात शिवशिवायचे. रोज तीन पानं. कुठली ते तिचं तिनं ठरवायचं. काही दिवस तीनची एकच व्हायची. एकदा एक प्रकरण संपवून तिनं मान वर केली तर ताई कधीच पोळ्या करायला उठलेली होती आणि हिला पत्ताच नव्हता. तिला धडकीच भरली. कुणी मारलं नव्हतं, आणि ती पुढे गेली होती.

ताईनं महिन्याअखेर मुकादमाला वही दाखवली. अक्षर कोंबडीच्या पायाचं होतं, पण वाचता येत होतं. तिला फाटकावरची खुर्ची मिळाली. धाकटी मानसशास्त्रात पास झाली, शंभरात त्रेचाळीस. इतके कमी मार्क मिळवून ती कधीच पास झाली नव्हती. ताईनं आकडा पाहिला, तिचा जबडा आवळला गेला, आणि ती म्हणाली, "बरं." आईसारखंच म्हटलं हे दोघींनाही कळलं. "बरं म्हणजे, चांगलं," ताईनं घाईघाईनं जोडलं.

कॉलेज संपल्यावर दोन शाळांनी पोलिसांच्या नोंदीमुळे नकार दिला. तिसरी, कामगार वस्तीतली पत्र्याची शाळा, तिथं ती अकरा वर्षं आहे. वाकड्या नाकामुळे मुलं सुरुवातीला घाबरतात. मारत नाही हे कळल्यावर घाबरायची थांबतात आणि मग गोंधळ घालतात.

या अकरा वर्षांत तिनं एकदा हात उचलला. पाचवीतल्या एका मुलीनं सलग चौथ्या दिवशी वही कोरी आणली आणि वर दात काढले. थप्पड बसल्यावर वर्ग चिडीचूप झाला. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर धाकटी त्या मुलीच्या घरी माफी मागायला गेली. मुलीची आई धुणं पिळत होती. ती म्हणाली, "माफी कसली बाई? अजून दोन द्यायच्या होत्या. मारल्याशिवाय हलतच नाही ती."

मुलगी दाराआड उभी राहून बघत होती. घरी येऊन धाकटीनं थप्पडीचं ताईला सांगितलं, तर ताई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही. नवव्या दिवशी आली, शेवटच्या बाकावर बसली आणि वही मिटून त्यावर दोन्ही कोपरं ठेवली. धाकटी तिच्याजवळ गेली. मुलीनं खांदे आकसले.

"आज काय करूया?" धाकटीनं विचारलं.

"काही नाही."

"बरं," धाकटी म्हणाली, "मी इथंच बसते मग," आणि त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून इतरांचे निबंध तपासू लागली.